टेनपिन बोलिंगच्या लीगमध्ये संघाचा क्रम कसा ठरवावा

टेनपिन बोलिंगच्या लीगमध्ये पहिल्यांदाच संघ उतरवणाऱ्या कॅप्टनला काउंटरवर सर्वांत आधी विचारले जाते ते हे, की नावे कोणत्या क्रमाने टाकायची. पुण्यात बहुतेकांची या खेळाशी ओळख मॉलमध्ये, वाढदिवसाच्या किंवा ऑफिसच्या पार्टीच्या निमित्ताने झालेली असते आणि तिथे ज्याचे बूट आधी बांधून झाले त्याचे नाव आधी, एवढाच नियम चालतो. लीगमध्ये मात्र लावलेला क्रम आठवड्यामागून आठवडे स्क्रीनवर राहतो आणि तो विचार न करता लावला असेल, तर चांगले खेळाडू असूनही संघ शेवटच्या फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे जास्तीत जास्त दोन बॉलची एक पाळी) हातातले गेम घालवतो. नवे संघ सहसा दोनपैकी एक मार्ग धरतात. एक तर प्रत्येकाच्या दर गेममागच्या सरासरी गुणांच्या चढत्या क्रमाने नावे लावतात, नाहीतर वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला मान म्हणून शेवटची जागा देतात. माझ्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. क्रम ठरवताना आधी पाहायचे ते हे, की स्पेअर, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या सर्व पिन दुसऱ्या बॉलवर, कोण नेमाने घेतो आणि लागणारा आकडा समोर दिसत असताना कोणाचा हात बदलत नाही. सरासरीचा विचार त्यानंतर.

पुढील विवेचन मुख्यतः चार जणांचा संघ धरून केले आहे. पाच जणांचा संघ असेल तर मधली एक जागा वाढते, तिघांचा असेल तर एक कमी होते, आणि पहिल्या व शेवटच्या जागेबद्दलचा विचार तोच राहतो.

क्रमामुळे काय बदलते

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. क्रिकेटमध्ये फलंदाजीच्या क्रमाने कोणाला किती चेंडू खेळायला मिळतील हे ठरते, म्हणून चांगला फलंदाज वर पाठवला जातो. बोलिंगमध्ये प्रत्येकाला दहाच फ्रेम मिळतात, प्रत्येकाच्या स्ट्राइकला (पहिल्याच बॉलवर दहाही पिन) त्याच्या स्वतःच्याच पुढच्या दोन बॉलच्या आणि स्पेअरला पुढच्या एका बॉलच्या पिन जोडल्या जातात, आणि संघाचा आकडा म्हणजे सर्वांच्या आकड्यांची बेरीज असते. त्यामुळे तेच चार जण तेच बॉल टाकणार असतील तर क्रम कसाही लावला तरी बेरीज बदलत नाही. क्रम लावला म्हणजे आपोआप गुण वाढतात, अशी समजूत करून घेऊ नये.

बदलतात त्या दुसऱ्या गोष्टी, आणि त्या खऱ्या आहेत. शेवटच्या खेळाडूला जिंकायला नेमके किती हवे ते दहाव्या फ्रेममध्ये दिसत असते, पहिल्याला ते दिसत नाही. पहिल्या खेळाडूच्या चालीवर पूर्ण संघाची लय बसते. एकाने केलेल्या ओपन फ्रेमनंतर, म्हणजे स्ट्राइक किंवा स्पेअर न झालेल्या फ्रेमनंतर, लगेच कोण उभा राहतो, यावर संघाचा धीर टिकतो किंवा सुटतो. ज्या लीगमध्ये समोरच्या संघातील त्याच क्रमांकाच्या खेळाडूशी वैयक्तिक गुणांसाठी सामना असतो, तिथे क्रमाने प्रतिस्पर्धीही ठरतो. आणि लेनवरचे तेल जसजसे सरकते तसतसे आपल्या आधी कोण कोणत्या रेषेवरून खेळून गेला, यालाही अर्थ येतो.

नियमपत्रक आधी वाचावे

लीगचे नियम हाती आल्याशिवाय क्रमाची चर्चा सुरू करू नये. दोन्ही संघ लेनच्या एका जोडीवर आलटून पालटून खेळणार आहेत, की प्रत्येक संघ स्वतःच्या एकाच लेनवर पूर्ण गेम खेळणार आहे, हे पाहावे. जोडीवर खेळताना दोन्ही संघांचे शेवटचे खेळाडू साधारण एकाच वेळी दहाव्या फ्रेमपर्यंत पोहोचतात. वेगवेगळ्या लेनवर मात्र एक संघ बराच आधी संपतो आणि मागे राहिलेल्या संघाला लक्ष्य आयते कळते. दोन गेमच्या मध्ये क्रम बदलता येतो का, यादी समोरच्या संघाच्या आधी द्यायची की नंतर, गैरहजर खेळाडूच्या नावावर काय आकडा धरला जातो आणि हँडिकॅप, म्हणजे कमी सरासरीच्या खेळाडूला आधीच मिळणारे जादा गुण, आहे का, हेही लिहून घ्यावे. गेम सुरू झाल्यावर क्रम बदलू नये ही लीगमधली सर्वसाधारण रीत आहे, त्यामुळे जे काही ठरवायचे ते पहिला बॉल पडण्याआधी ठरले पाहिजे.

सरासरीपलीकडची वही

नवा संघ असेल तर पहिले तीन-चार आठवडे कोणताही क्रम लावून खेळावे आणि त्या काळात नोंदी ठेवाव्यात. हे काम वाटते त्यापेक्षा सोपे आहे, कारण स्क्रीनवर प्रत्येक फ्रेमचे दोन्ही बॉल दिसत असतात. गेम संपला की पुढचा गेम सुरू होण्याआधी स्क्रीनचा एक स्वच्छ फोटो काढावा. पुढचा गेम सुरू झाला की जुना तपशील स्क्रीनवरून जातो आणि नंतर काउंटरवर तो मिळेलच याचा भरवसा नसतो. घरी बसून प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली चार आकडे काढावेत. पहिल्या बॉलवर सरासरी किती पिन पडतात. एकच पिन उरली असताना किती वेळा संधी आली आणि किती वेळा ती पडली. एका गेममध्ये किती फ्रेम ओपन राहिल्या. आणि दहाव्या फ्रेममध्ये त्याने एकूण किती घेतले.

यांतील दुसरा आकडा सर्वांत बोलका असतो. समजा, एका खेळाडूने दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलवर ९ पिन पाडल्या आणि उरलेली एक पिन प्रत्येक वेळी सोडली, तर त्याचा गेम ९० चा होतो. दुसऱ्याने तितक्याच पिन पाडल्या, पण उरलेली पिन प्रत्येक वेळी घेतली आणि दहाव्या फ्रेममध्ये स्पेअरनंतर मिळणाऱ्या जादा बॉलवरही ९ च पाडल्या, तर प्रत्येक फ्रेमचे १९ होऊन त्याचा गेम १९० चा होतो. दोघांनाही एकही स्ट्राइक नाही, दोघांचा पहिला बॉल सारखाच, आणि फरक १०० गुणांचा. नव्या संघात ज्याला सगळे चांगला खेळाडू म्हणतात तो बहुधा जोरात बॉल टाकून स्ट्राइक मिळवणारा असतो, आणि कोपऱ्यातली एकटी पिन शांतपणे उचलणाऱ्याकडे कोणाचेच लक्ष नसते. वही ठेवली की हा माणूस सापडतो. माझ्या मते नव्या कॅप्टनने करण्यासारखे यापेक्षा मोलाचे दुसरे काम नाही.

सरासरी कशी फसवते तेही या वहीतून दिसते. दोन खेळाडूंची सरासरी १४० असू शकते, पण एकाचे गेम १०५, १८० आणि १३५ असे असतात आणि दुसऱ्याचे १३४, १४७ आणि १३९ असे. बेरजेच्या दृष्टीने दोघे सारखे असले, तरी क्रमाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे आहेत आणि त्यांना वेगळ्या जागा द्याव्या लागतात.

शेवटच्या जागेपासून सुरुवात करावी

यादी वरून खाली भरण्याऐवजी शेवटची जागा आधी भरावी. या जागेवरच्या खेळाडूला अँकर म्हणतात, आणि त्याचे काम नेमके काय असते हे एका गणितातून नीट कळते.

समजा, समोरच्या संघाचा गेम ६४० वर संपला आहे. आपल्या पहिल्या तिघांची बेरीज ४७१ झाली आहे, म्हणजे जिंकण्यासाठी अँकरचा गेम १७० चा व्हायला हवा आणि १६९ झाला तर बरोबरी होईल. अँकरचे आठ फ्रेमअखेर १३१ झाले आहेत आणि नवव्या फ्रेममध्ये त्याने स्पेअर घेतली आहे. आता दहाव्या फ्रेमचा पहिला बॉल दोनदा मोजला जाणार, एकदा नवव्या फ्रेमच्या स्पेअरसाठी आणि एकदा दहाव्यासाठी. त्या बॉलवर स्ट्राइक पडली तर नववी फ्रेम १५१ वर जाते आणि उरलेल्या दोन बॉलवर मिळून फक्त ९ पिन हव्या असतात. पहिल्या बॉलवर ९ पडल्या तर नववी फ्रेम १५० वर राहते. मग उरलेली पिन घेऊन स्पेअर करावी लागते आणि जादा बॉलवर स्ट्राइकच लागते, तेव्हा कुठे १७० होतात. पहिल्या बॉलवर ८ च पडल्या, तर पुढे स्पेअर आणि स्ट्राइक दोन्ही आले तरी १६९, म्हणजे बरोबरी. ७ पडल्या तर पुढे काहीही केले तरी गेम गेला.

एका पिनच्या फरकाने पुढचा रस्ता इतका बदलतो, आणि हे सगळे अँकरला बॉल उचलतानाच ठाऊक असते. म्हणून या जागेसाठी वहीतले दोन आकडे एकत्र पाहावेत: पहिल्या बॉलची सरासरी आणि दहाव्या फ्रेमची बेरीज. ज्याची सरासरी संघात सर्वांत जास्त आहे पण दहाव्या फ्रेममध्ये ज्याचा बॉल नेहमीपेक्षा जोरात सुटतो, त्याला ही जागा देऊ नये. त्याच्याहून सरासरीने आठ-दहा पिन मागे असलेला, पण पहिल्या फ्रेममध्ये आणि दहाव्या फ्रेममध्ये ज्याची पावले सारखीच पडतात, असा खेळाडू इथे अधिक उपयोगी ठरतो. हे तपासण्यासाठी त्याच्या पाठीमागे उभे राहून चालताना पाहावे. दडपणाखाली बहुतेकांचा पहिला बदल हातात होत नाही, पायांत होतो. पावले घाईने पडू लागतात आणि बॉल मागून येईपर्यंत माणूस फाउल लाइनवर, म्हणजे जी ओलांडायची नसते त्या लेनच्या सुरुवातीच्या रेषेवर, पोहोचलेला असतो.

अँकरला आकडा सांगायचा की नाही, हेही आधीच विचारून ठेवावे. काहींना नेमके किती हवे ते कळले की मन एका ठिकाणी येते, तर काहींना स्क्रीनकडे पाहायचेच नसते. दोन्ही स्वभाव चालतात, पण त्या क्षणी मागून चौघांनी चार आकडे ओरडून सांगणे चालत नाही. कॅप्टनने हे काम एकाच माणसाकडे द्यावे आणि बाकीच्यांना तसे बजावून ठेवावे.

सलामीला कोण

सलामीच्या खेळाडूकडून मोठ्या आकड्याची अपेक्षा नसते. ओपन फ्रेम न ठेवता सुरुवात करून देणारा आणि कोणासाठी न थांबता लेनवर जाणारा माणूस इथे हवा असतो. वर दिलेल्या उदाहरणातला १३४, १४७, १३९ वाला खेळाडू ही जागा उत्तम सांभाळतो.

आमच्या संघात बँकेतून निवृत्त झालेले एक काका सलामीला खेळतात. त्यांचा बॉल सरळ जातो, वळत नाही, आणि वेगही बेताचा असतो. टॉवेलने हात कोरडा करायचा, बॉल डाव्या तळहातावर तोलून धरायचा, लेनवर कोरलेल्या सात बाणांपैकी उजवीकडून दुसऱ्या बाणावर नजर ठेवायची आणि चालू लागायचे, यात कधीही बदल होत नाही. उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन एकटी उरली की ते डावीकडे सरकून उभे राहतात आणि लेनच्या तिरक्या रेषेत बॉल सोडतात. आठ-नऊ पिन आणि स्पेअर, पुन्हा आठ-नऊ पिन आणि स्पेअर, असा त्यांचा गेम चालतो. त्यांच्यामागे येणाऱ्या तरुण मुलांना त्या शांतपणाचा फार उपयोग होतो, कारण पहिल्याच फ्रेममध्ये संघाच्या नावापुढे स्पेअरची तिरकी रेघ लागलेली असते.

पुण्यात या जागेसाठी आणखी एक निकष लावावा लागतो, आणि तो खेळाबाहेरचा आहे. लीगच्या लढती बहुधा कामाच्या दिवशी संध्याकाळी असतात. बोलिंगचे केंद्र अहमदनगरकडे जाणाऱ्या नगर रस्त्याच्या बाजूला असेल आणि सलामीचा खेळाडू हिंजवडीतून कारने निघणार असेल, तर विद्यापीठ चौक ओलांडून तो वेळेवर पोहोचेल हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. धावतपळत येऊन, घाम पुसत, भाड्याचे बूट बांधत जो पहिला बॉल टाकतो, त्याची पहिली फ्रेम गेलेलीच समजावी. याउलट कोथरूडहून वनाज–रामवाडी मेट्रोने येणारा किंवा खराडी, विमाननगर भागातच काम करणारा खेळाडू निवांत पोहोचतो. दोघांत खेळाच्या दृष्टीने थोडाच फरक असेल तर जो आधी पोहोचतो त्याला सलामीला घ्यावे. सरावासाठी वेगळा वेळ देत नसलेल्या केंद्रांत हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण तिथे पहिली फ्रेम हाच सराव असतो आणि हात लवकर मोकळा होणारा माणूसच पुढे हवा.

मधल्या जागा

दुसरी जागा नवख्या खेळाडूसाठी सर्वांत चांगली. त्याच्या आधी कोणीतरी सुरुवात करून दिलेली असते, त्याच्यानंतर सावरायला दोघे असतात, आणि गेमचा शेवट त्याच्यावर अवलंबून नसतो. अनेक संघ सर्वांत कमी सरासरीच्या खेळाडूला सलामीला पाठवतात, म्हणजे त्याची कामगिरी लवकर उरकून जाते, असे त्यांना वाटते. पण तसे होत नाही. त्याला प्रत्येक फ्रेम रिकाम्या पाटीवर सुरू करावी लागते आणि त्याच्या ओपन फ्रेमचा परिणाम मागच्या तिघांवर पडत राहतो.

अँकरच्या आधीची जागा मात्र फार जपून द्यावी. चौघांच्या संघात ती तिसरी असते, पाच जणांच्या संघात चौथी. या खेळाडूने दहाव्या फ्रेममध्ये डबल, म्हणजे लागोपाठ दोन स्ट्राइक, मारली तर अँकरला फक्त स्वतःचा साधा खेळ करायचा उरतो, आणि समोरच्या संघाच्या अँकरवर दडपण येते. त्याने फ्रेम ओपन ठेवली तर अँकरला स्ट्राइकच्या मागे धावावे लागते. म्हणून संघात दुसऱ्या क्रमांकाची चांगली दहावी फ्रेम ज्याची आहे, त्याला इथे ठेवावे. १०५ आणि १८० असे टोकाचे गेम करणारा जोरकस खेळाडू मात्र चौघांच्या संघात कुठे बसवायचा, हा अवघड प्रश्न आहे. मी त्याला दुसऱ्या जागेवर ठेवतो आणि नवखा खेळाडूही संघात असेल तर त्या दोघांतल्या कोणाच्या वहीत ओपन फ्रेम कमी आहेत ते पाहून एकाला तिसऱ्या जागेवर नेतो. पाच जणांचा संघ असेल तर हा पेच सुटतो, कारण ठीक मधली, म्हणजे तिसरी जागा अशाच खेळाडूसाठी असते.

तेल, रेषा आणि डावखुरा खेळाडू

लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. नेहमीच्या मांडणीत तो मध्यभागी जास्त आणि दोन्ही कडांना कमी असतो. बॉल वळवणारे खेळाडू ज्या रेषेवरून पुन्हा पुन्हा खेळतात तिथले तेल कमी होते आणि बॉल लवकर वळू लागतो. केंद्राचे प्लॅस्टिकचे बॉल तेल थोडे पुढे ढकलतात. जोडीवर चार-चार जणांचे दोन संघ खेळत असतील तर दुसऱ्या गेमपर्यंत हा फरक जाणवतो.

यातून क्रमासाठी एकच उपयोगी गोष्ट निघते. अँकर ज्या रेषेवरून खेळतो साधारण त्याच रेषेवरून आणि तशाच वळणाने खेळणारा संघात दुसरा कोणी असेल, तर त्याला अँकरच्या लगेच आधी ठेवावे. त्याचा बॉल कुठे वळला आणि पहिल्या पिनला कसा लागला हे पाहून अँकरला आपले पाऊल एखाद्या फळीने, म्हणजे जमिनीवरच्या एका अरुंद पट्टीएवढे, डावीउजवीकडे घेता येते. डावखुऱ्या खेळाडूला ही मदत कोणाकडूनच मिळत नाही, पण त्याची बाजूही कोणी खराब करत नाही, त्यामुळे त्याला कुठेही बसवता येते. सर्व जण केंद्राचे बॉल घेऊन सरळच टाकत असतील तर हा पूर्ण परिच्छेद बाजूला ठेवला तरी चालेल.

वैयक्तिक गुण आणि हँडिकॅप

काही लीगमध्ये संघाच्या बेरजेखेरीज प्रत्येक क्रमांकाच्या जोडीलाही गुण असतो, म्हणजे आपल्या पहिल्या खेळाडूची लढत त्यांच्या पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी. अशा वेळी आपला कमजोर खेळाडू त्यांच्या सर्वांत चांगल्या खेळाडूसमोर सोडून द्यावा आणि बाकीच्या लढती जिंकाव्यात, असा सल्ला हमखास मिळतो. नव्या संघाने या फंदात पडू नये. समोरचा कॅप्टनही तोच विचार करत असतो, यादी एकदम द्यायची असेल तर सगळा अंदाजच उरतो, आणि ज्याला सोडून दिले त्याला ते कळल्याशिवाय राहत नाही.

हँडिकॅप असेल तर या हिशेबाला अर्थही कमी उरतो. समजा, आधारभूत आकडा २०० आहे आणि त्यातून खेळाडूची सरासरी वजा करून उरणाऱ्या फरकाच्या ९० टक्के हँडिकॅप मिळतो. मग १२० सरासरीच्या खेळाडूला ७२ आणि १७० सरासरीच्या खेळाडूला २७ गुण आधीच मिळतात. दोघे आपापल्या सरासरीवर खेळले तर १९२ आणि १९७ असा सामना होतो, म्हणजे पन्नास पिनांचे अंतर पाचवर येते. एवढ्या अंतराने लढत आधीच हरलेली नसते. हँडिकॅपच्या लीगमध्ये जो आपल्या सरासरीपेक्षा वर जाण्याच्या मार्गावर आहे, म्हणजे बहुधा नवखा पण नियमित येणारा खेळाडू, तोच संघाला सर्वाधिक मिळवून देतो. त्याला सुखाची जागा देणे हाच तिथला खरा डाव आहे.

बेकर पद्धत असेल तर

काही स्पर्धांत आणि लीगच्या अखेरच्या फेरीत बेकर पद्धतीने खेळतात. यात पूर्ण संघ मिळून एकच गेम खेळतो. पाच जणांच्या संघात पहिला खेळाडू पहिली आणि सहावी फ्रेम टाकतो, दुसरा दुसरी आणि सातवी, तिसरा तिसरी आणि आठवी, चौथा चौथी आणि नववी, तर अँकर पाचवी आणि दहावी. इथे आधी सांगितलेले गणित उलटते. एकाच्या स्ट्राइकची किंमत दुसऱ्याच्या बॉलवर ठरते, त्यामुळे क्रम बदलला की बेरीजही बदलू शकते. सर्वाधिक स्ट्राइक मारणाऱ्याच्या मागे ज्याचा पहिला बॉल भक्कम आहे असा खेळाडू हवा, म्हणजे मिळालेली स्ट्राइक वाया जात नाही. दोन अस्थिर खेळाडू एकामागोमाग ठेवू नयेत. आणि एक फ्रेम टाकल्यावर पुढच्या फ्रेमपर्यंत बराच वेळ बसून राहावे लागते, म्हणून हात लवकर थंड पडणारा माणूस अँकरला घेऊ नये.

चार जणांचा संघ हीच पद्धत खेळत असेल तर नीट मोजून घ्यावे. पहिल्याकडे पहिली, पाचवी आणि नववी फ्रेम येते, दुसऱ्याकडे दुसरी, सहावी आणि दहावी, तर तिसऱ्याला आणि चौथ्याला दोन-दोनच फ्रेम मिळतात. म्हणजे गेम संपवणारा माणूस यादीत दुसरा असतो. नेहमीच्या सवयीने नवख्याला दुसऱ्या जागेवर ठेवले, तर दहावी फ्रेम त्याच्याच हाती येईल. तिघांच्या संघात पहिल्याकडे पहिली, चौथी, सातवी आणि दहावी फ्रेम येते, तेव्हा तिथे अँकर यादीत सर्वांत वर लिहावा लागतो.

क्रम सांगणे आणि टिकवणे

ठरलेला क्रम संघाला लेनवर पोहोचल्यावर सांगू नये. दोन दिवस आधी, आणि ज्याची जागा बदलते आहे त्याला स्वतंत्रपणे, वहीतले आकडे दाखवून सांगावे. वरिष्ठ व्यक्ती शेवटच्या जागेवरून सरकणार असेल तर हे संभाषण टाळण्याचा मोह होतो. ते टाळले तर पुढचे दोन महिने प्रत्येक हरलेल्या गेमनंतर तोच विषय निघतो. ‘सर, तुमची एका पिनची स्पेअर संघात सर्वांत पक्की आहे, म्हणून सुरुवात तुम्ही करून द्यावी अशी इच्छा आहे,’ हे वाक्य खरे असेल तर ते कोणालाही पटते. खरे नसेल तर ते वापरू नये, कारण स्क्रीन सगळ्यांनाच दिसत असते.

एकदा लावलेला क्रम किमान चार आठवडे बदलू नये. एका वाईट संध्याकाळीवरून कोणाला हलवले की इतरही आपली जागा जाईल या धास्तीने खेळू लागतात. चार आठवड्यांनी वही पुन्हा तपासावी आणि बदल केलाच तर दोनच जागांची अदलाबदल करावी.

एखादा खेळाडू येणार नसेल तर पूर्ण यादी नव्याने लावण्याची गरज नसते. दुसरा गैरहजर असेल तर बदली खेळाडू थेट त्याच्या जागी जातो. अँकर नसेल तर तिसऱ्याने शेवटी यावे आणि बदली खेळाडूने तिसऱ्या जागेवर. सलामीचा खेळाडू नसेल तर दुसऱ्याने पुढे जावे आणि बदली खेळाडूने दुसऱ्या जागेवर. नेहमीच्या खेळाडूंपैकी एकच माणूस हलतो. काउंटरवर नावे तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर क्रमांक घालून द्यावीत, आणि स्क्रीनवर ती चढल्यावर पहिला बॉल टाकण्याआधी वरपासून खालपर्यंत वाचून पाहावीत. गेम सुरू झाल्यावर ती बदलायची तर केंद्रातल्या माणसाला बोलवावे लागते आणि समोरच्या कॅप्टनची संमतीही घ्यावी लागते.